गजावरची खूण

माणूस बरा झाला, हे ठरवायचे कोणी? डॉक्टरांनी, घरच्यांनी, की त्याचे त्याने?

आषाढात माझी पाठ धरली. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली होती. पाटावर बसणे संपले, फळ्याशी उभे राहणे संपले. दोन महिने मी आढ्याखाली कौले मोजीत पडून होतो. आश्विन आला, भात पिकले आणि रात्री रानडुकरे मळ्यात उतरू लागली.

आमच्या कोकणातल्या घरात वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. पिकाच्या राखणीसाठी तिचा परवाना माझ्या नावावर. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे डुकराला परवानगीवाचून मारता येत नाही. म्हणून छर्रे न घालता आम्ही नुसता दारूचा बार काढतो. आवाजानेच कळप पळतो.

त्या रात्री बायको म्हणाली, "अहो, आज राहू द्या." मी ऐकले नाही. तीन महिने दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यालेल्या माणसाला एक तरी काम स्वतः करायचे असते. शिवाय वर्गात मी स्वावलंबनाचे धडे देणारा मास्तर!

ओटीवर उभे राहून मापाने दारू ओतली, काथ्याचा बोळा घातला, गजाने ठासले. तोच कमरेपासून पोटरीपर्यंत अशी कळ गेली की मी खांबच धरला. कळ ओसरली तेव्हा पुन्हा दारूचे माप उचलले. बॅटरी धरून उभा असलेला मुलगा म्हणाला, "बाबा, दारू मघाशी घातलीत ना?"

मला आठवेना.

वडिलांनी गजावर एक खूण कोरून ठेवली आहे. नळी रिकामी असली तर गज त्या खुणेपर्यंत आत जातो. बार भरलेला असला तर खूण वर राहते. मी गज सोडला. खूण तीन बोटे वर होती. दुहेरी बाराने नळी फुटू शकते, आणि मुलगा हातभर अंतरावर होता.

नळीत पाणी ओतून मी बार भिजवला. परवाना माझा, तेव्हा बंदूक दुसऱ्या कोणाच्या हाती देणेही बरे नव्हते. शेजाऱ्यांना हाक मारली. चौघे जण डबे बडवीत बांधावर गेले. मी ओटीवर पडून तो आवाज ऐकत होतो. लाज वाटत होती. पण कशाची, हे हळूहळू उमगले. मदत मागितल्याची नव्हे, उशिरा मागितल्याची.

ज्याला मी स्वावलंबन म्हणत होतो, तो निव्वळ अहंकार होता, आणि त्याची किंमत मुलाने मोजली असती. दुखण्यातून हात लवकर परततात. अवधान मागाहून, सावकाश येते. ते आल्यावाचून माणूस बरा झाला असे म्हणू नये.

हल्ली मी बार भरतो तो दिवसाउजेडी, बाकावर बसून. दारू ओतण्याआधी गज आत सोडतो. खूण आधी मुलगा पाहतो, मग मी.