पाऊस, यज्ञ आणि पगाराची स्लिप (गीता, अध्याय ३, श्लोक १४)



आजचा श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. भगवंत एक साखळी सांगतात. जीव अन्नापासून होतात, अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून. ऐकायला सोपं आहे. पण मला विचाराल तर तिसऱ्या अध्यायातला सगळ्यात जास्त चुकीचा वापरला गेलेला श्लोक हाच. कारण साखळी उलटी धरली की लगेच निष्कर्ष निघतो : पाऊस पडला नाही म्हणजे यज्ञ झाला नाही, यज्ञ झाला नाही म्हणजे लोक पापी. कुठे पूर आला, कुठे दुष्काळ पडला की हे म्हणणारा कोणीतरी भेटतोच. सोसायटीच्या ग्रुपवर तर हमखास.

मला हे बोलणं सहन होत नाही. का, ते देहूच्या घरातून सांगतो.

इ.स. १६३० साली दख्खन आणि गुजरातेत पाऊस रुसला. पुढच्या वर्षी गुजरातेत काही भागांत तो इतका कोसळला की उरलंसुरलं पीकही गेलं. म्हणजे आधी कोरडा दुष्काळ आणि त्यावर ओला. त्याच काळात शाहजहानची फौज निजामशाहीवर चालून आली होती, छावणी बऱ्हाणपूरला. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या वर्षी सुरतेहून आग्र्याला निघाला होता. वाटेत दिसलेली प्रेतं आणि ओस पडलेली गावं त्याने लिहून ठेवली आहेत. बंजाऱ्यांचे तांडे धान्य वाहत होते, पण ते छावणीकडे. बादशहाने लंगर उघडले, सारा माफ केला, हेही खरं. पण धान्य कुठे जातं, हे आभाळ ठरवत नाही ना! पाऊस न पडणं हा निसर्गाचा भाग. कोणाच्या घरची चूल विझते, हा माणसांचा.

आणि त्या चुलींपैकी एक देहूत मोऱ्यांच्या घरात होती. तुकोबांची. घराणं बरं होतं : वाण्याचा धंदा, महाजनकी, सावकारी, घरात पिढ्यान् पिढ्यांची विठ्ठलाची वारी. तरी दुकान बुडालं, अब्रू गेली, आणि पहिली पत्नी रखमाबाई उपासमारीने गेल्या. पाठोपाठ मुलगा संतूही. आपल्या आयुष्याबद्दलच्या अभंगात तुकोबांनी पत्नीचं हे जाणं अगदी थोडक्या शब्दांत, काही न लपवता सांगितलंय.

आता मला सांगा, रखमाबाईंचं पाप कोणतं?

या एका प्रश्नापुढे 'पापामुळे दुष्काळ' हे सगळं तत्त्वज्ञान गळून पडतं. तुकोबांनीही तो हिशेब मांडलेला दिसत नाही. देव कोपला म्हणून त्यांनी कोणाला दोष दिला नाही. त्यांनी जे केलं ते वेगळंच आहे, आणि माझ्या मते आजच्या श्लोकाचा अर्थ तिथे उघडतो.

परंपरा सांगते की डोंगरावरच्या एकांतातून धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधून परत घेऊन आले, तेव्हा तुकोबांनी घरातली सावकारीची खतपत्रं मागवली. लोकांनी कर्जापोटी लिहून दिलेले कागद. त्यांचे दोन वाटे केले. एक कान्होबांना दिला, कारण त्यांचा संसार होता. आपला वाटा इंद्रायणीत बुडवला.

आपण इंद्रायणी म्हटलं की गाथा बुडवल्याची आणि तरल्याची गोष्ट आठवतो. पण तिच्या खूप आधी तिथे हे कागद बुडाले, आणि ते कोणी वर काढले नाहीत. जरा विचार करा, दुष्काळानंतर त्या कागदांची किंमत काय होती? भुकेल्या वर्षात कुणब्याने दोन पायल्या धान्यासाठी काहीही लिहून दिलं असतं. दुष्काळ हा सावकाराचा सुगीचा हंगाम असतो. २४५ वर्षांनी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतली हीच खतं काढून जाळली आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. तिथे कर्जदारांनी जाळली. देहूत ज्याचं येणं होतं त्यानेच बुडवली. फरक एवढाच. आणि तो केवढा मोठा आहे!

आता श्लोकाकडे परत या. चौदावा एकटा वाचू नका, बाराव्या-तेराव्याला धरून वाचा. बाराव्यात भगवंत म्हणतात, मिळालेलं परत न देता जो भोगतो तो चोरच. तेराव्यात म्हणतात, जो फक्त स्वतःसाठी रांधतो तो पापच खातो. पाप हा शब्द इथे आलाय बरं का, पण कोणासाठी? ज्याचं शेत करपलं त्याच्यासाठी नाही. ज्याच्या घरात शिजतंय आणि दार बंद आहे, त्याच्यासाठी! ज्ञानोबा माउली तर या अध्यायात यज्ञ म्हणजे स्वधर्माचं आचरण असाच अर्थ लावतात. तूप-समिधा असतील तर असोत, पण यज्ञ तेवढ्यात संपत नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट लहानपणी ऐकली असेल. बहामनी सुलतानाचे अधिकारी, दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली आणि शिक्षेची वेळ आली तेव्हा विठोबा विठू महार होऊन बिदरला पैसे भरून आला. आपण विठूच्या रूपावर डोळे पुसतो. पण आधी कोठाराचं कुलूप उघडलं गेलं, विठू नंतर आला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि एक गोष्ट जी तुमच्या-माझ्या खिशातली आहे. १९७२ चा दुष्काळ. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा : लाल मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं, पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल खूप झाले, पण १८७६ सारखी माणसं पटापट मेली नाहीत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आणि पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला.

तुमच्या पगाराच्या स्लिपवर 'प्रोफेशन टॅक्स' म्हणून महिन्याला २०० रुपये कापले जातात ना, फेब्रुवारीत ३००? तोच हा. ज्याच्याकडे महिन्याचा पगार आहे त्याने, ज्याचं शेत वाळलं त्याच्या मजुरीसाठी दिलेला. कर म्हटल्यावर सक्ती आली, मनापासून कोण देतो, असं तुम्ही म्हणाल. मान्य. म्हणूनच सक्तीपलीकडचा थोडा भाग आपल्याकडे उरतो.

आजची साधना छोटीशी आहे. रात्री जेवायला बसण्याआधी हे तीन श्लोक, बारा ते चौदा, अर्थासकट सावकाश वाचा. पहिला घास हातात असताना रखमाबाईंना एकदा नमस्कार करा. आणि घरी काम करणाऱ्या मावशींनी, वॉचमनकाकांनी उसने घेतलेले हजार-दोन हजार कुठे लिहून ठेवले असतील, मोबाईलमध्ये का होईना, तर ती नोंद उघडून बघा. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कान्होबांनीही आपला वाटा ठेवलाच होता आणि तुकोबांनी त्यांना एका शब्दाने बोल लावल्याचं ऐकिवात नाही.

उद्या पंधरावा श्लोक, कर्म कुठून येतं ते.

राम कृष्ण हरी!