हुंडणावळ आणि अस्तेय

परमुलखात जाणाऱ्या माणसाने स्वदेशीचे नाणे द्यावे, तेथले नाणे घ्यावे, आणि ही अदलाबदल करून देणाऱ्या सराफाने मधल्या मधे आपला बट्टा कापून घ्यावा, हा व्यवहार इतका जुना आणि इतका सार्वत्रिक आहे की त्यात धर्माधर्माचा काही प्रश्न असेल असे प्रवाशाच्या सहसा मनात येत नाही. दर कोठे बरा मिळेल एवढी चौकशी करून तो मार्गाला लागतो. तथापि निरनिराळ्या धर्मपरंपरांनी या क्षुल्लक भासणाऱ्या व्यवहाराचा जो बारकाईने विचार केलेला आढळतो, तो निष्कारण नाही. नाणे बदलून घेणारा मनुष्य बहुधा यात्रेकरू असे: मुलूख अनोळखी, भाषा परकी, वेळ थोडा, आणि फसवणूक झालीच तर परत येऊन जाब विचारण्याची शक्यता जवळजवळ नाही. ज्याला नकार देण्याची सोय नाही अशा माणसाकडून सेवेचे मोल किती आणि कोणत्या रीतीने घ्यावे, हा प्रश्न अर्थशास्त्राचा जितका आहे त्याहून अधिक नीतीचा आहे.

यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या काळातील व्यवस्था पाहावी. प्रत्येक प्रौढ यहुदी पुरुषाने मंदिरासाठी दरसाल अर्धा शेकेल भरावा असा दंडक होता, आणि हा भरणा सोर नगरीच्या चांदीच्या नाण्यात होई. त्या नाण्याच्या एका अंगावर मेल्कार्त या परदैवताचे मस्तक आणि दुसऱ्या अंगावर गरुड असे. ज्या धर्माला मूर्तीचा इतका तिटकारा, त्याने आपल्या पवित्रतम स्थानी तेच नाणे चालू दिले, कारण त्या चांदीचा कस भरवशाचा होता. ठिकठिकाणची नाणी घेऊन येणाऱ्यांसाठी अदार महिन्याच्या १५ तारखेस प्रांतात आणि २५ तारखेस खुद्द मंदिरात सराफांची मेजे मांडली जात, असे मिश्नाच्या ‘शेकालीम’ या ग्रंथात नमूद आहे. या भरण्यावर जो अल्पसा बट्टा पडे त्याला ‘कोलबोन’ म्हणत. त्याविषयीचे नियम वाचताना मला त्या शास्त्रकारांविषयी मोठा आदर वाटतो. कारण बट्टा कोणी द्यावा आणि कोणाला तो माफ आहे याचा तेथे उघड खुलासा आहे, आणि जो मनुष्य एखाद्या गरिबाचा, शेजाऱ्याचा किंवा गावकऱ्याचा भरणा आपल्या पदरचा करतो त्याला तो माफ आहे, पण तीच रक्कम उसनी म्हणून दिली असेल तर माफी नाही. दान आणि कर्ज यांतला भेद त्यांनी बट्ट्याच्या आकारणीपर्यंत सांभाळला.

याच प्रांगणात येशूने सराफांची मेजे उलथून टाकल्याची कथा चारपैकी तीन शुभवर्तमानांत आहे, आणि नाणे बदलून देणे हेच मुळात पाप, असा तिचा अर्थ अनेकदा केला जातो. मला तो पटत नाही. ज्याला विहित नाण्यात भरणा करावयाचा आहे त्याला सराफ हवाच होता. त्या कथेत सराफांच्या जोडीने कबुतरे विकणारेही आहेत, आणि कबुतर हा गरिबाचा बळी होता. तेव्हा रोष आहे तो सेवेवर नसून, भक्ताच्या निरुपायाचा बाजार मांडण्यावर आहे, असेच मला वाटते.

इस्लामी धर्मशास्त्राने हा विषय ‘सर्फ’ या सदराखाली घेतला. सोन्याच्या मोबदल्यात सोने घ्यावयाचे तर वजन समसमान हवे; सोन्याच्या मोबदल्यात चांदी घ्यावयाची तर भाव उभयतांनी राजीखुशीने ठरवावा, परंतु देवघेव त्याच बैठकीत, हातोहात पुरी व्हावी. कागदी चलनालाही हे नियम लागू आहेत, असा निर्णय आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ साली अम्मानच्या अधिवेशनात दिला. परदेशी दुकानात आज कार्ड पुढे करणाऱ्या आणि रुपयाचा दर मात्र दोन-तीन दिवसांनी व्यवहार वटल्यावर कळणाऱ्या प्रवाशाने या ‘हातोहात’चे मर्म जाणून घेण्यासारखे आहे: दोघे समोरासमोर असताना ठरलेल्या भावात दोघांनाही तो नाकारण्याची संधी असते, मागाहून लागणाऱ्या भावात एकाला ती उरत नाही.

हज यात्रेच्या संदर्भात आपल्या सरकारलाही एकदा यात लक्ष घालावे लागले. आखाती मुलखात तेव्हा भारतीय रुपयाच चाले, आणि चोरट्या सोन्याच्या मोबदल्यात तिकडे गेलेल्या नोटा परत येऊन परकीय चलनाची गंगाजळी आटवीत; म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी स्वतंत्र नोटा काढल्या, आणि मुंबईच्या बंदरातून जेद्दाला निघणाऱ्या यात्रेकरूंसाठी १० व १०० रुपयांच्या निराळ्या हज-नोटा छापल्या, ज्यांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत. गंगाजळी तर राखावयाची, पण त्यापायी यात्रेकरूची अडवणूक होऊ द्यावयाची नाही, ही त्या नोटेमागची भूमिका मला आजही रास्त वाटते.

आपल्याकडील विचार याहून तुटक, पण तितकाच नेमका आहे. कौटिल्याने नाणी पारखणाऱ्या ‘रूपदर्शक’ या अधिकाऱ्याच्या कक्षेत रूपिक शेकडा ८, व्याजी शेकडा ५ आणि पारखणावळ शेकडा एक अष्टमांश अशी आकारणी लिहून ठेवली. दर जबर आहेत की माफक, हा वाद वेगळा. ते लिहिलेले आहेत. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे नाना तऱ्हेचे रुपये चालत, आणि काशीयात्रेला निघालेला सुखवस्तू मनुष्य रोकड बरोबर बाळगण्याऐवजी हुंडी घेई. तिची हुंडणावळ निघण्यापूर्वीच ठरे. परंतु प्रश्नाच्या गाभ्याला हात घातला तो जैन आचार्यांनी. श्रावकाच्या अस्तेय अणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत त्यांत कमीजास्त मापे वापरणे, म्हणजे घेताना मोठे माप आणि देताना लहान माप, हाही एक आहे. विमानतळावरील चलन बदलण्याच्या खिडकीत शेजारी शेजारी लिहिलेले खरेदीचे व विक्रीचे दर पाहिले की हा अतिचार आठवल्यावाचून राहत नाही.

मग तो सराफ चोर म्हणावा काय? नव्हे, कारण त्याने दोन्ही मापे फलकावर टांगली आहेत. जागेचे भाडे, नोटा बाळगण्याची जोखीम आणि भाव कोसळण्याची धास्ती हे त्याचे खर्च खरे आहेत. अस्तेयाचा भंग होतो तो माप लपविल्याने. समजा, डॉलरचा बाजारभाव ८५ रुपये आहे आणि खिडकीवर तो ९० ला मिळतो; एक लाख रुपये देणाऱ्याच्या हाती सुमारे ६५ डॉलर, म्हणजे साडेपाच हजार रुपयांचा ऐवज, कमी पडतो, आणि त्याच खिडकीवर ‘दलाली शून्य’ अशी पाटी असते. बट्टा घेणे मी निषिद्ध मानत नाही, पण घेतलेला बट्टा शून्य म्हणून सांगणे हे असत्य आणि स्तेय दोन्ही आहे. परदेशातील दुकानात किंवा एटीएमवर यंत्र सौजन्याने विचारते, रक्कम रुपयांत आकारू की स्थानिक चलनात. आपल्या रुपयाचे नाव पाहून माणसाला आपलेपणा वाटतो, आणि तो होकार देतो तेव्हा दर ठरविण्याचा अधिकार समोरच्या पेढीच्या हाती जातो, तिचा अधिक नफा त्या दरातच मिसळलेला असतो. येथे संमती घेतलेली दिसते, पण जे माहीतच नाही त्याला दिलेली संमती ही संमती नव्हे. युरोपीय संघाने २०१९ साली नियम करून ही वाढ युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्केवारीने दाखविणे बंधनकारक केले. कोलबोनचा उघडेपणा इतक्या शतकांनी कायद्याच्या रूपाने परत आला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

म्हणून प्रवाशाने हिशेब पाहणे हा कद्रूपणा नव्हे. त्याने आंतरबँक दर आधी माहीत करून घ्यावा, विमानतळावर आवश्यक तेवढीच रोकड बदलावी, प्रवासी कार्डाचा आणि नेहमीच्या कार्डाचा आकार ताडून पाहावा, अनेक क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चाला शेकडा साडेतीनच्या घरात अधिभार आणि त्यावर कर लागतो हे ध्यानात ठेवावे, आणि यंत्राने विचारले असता स्थानिक चलनच निवडावे. त्याच्या खिशातील पैसा पुष्कळदा त्याच्या एकट्याचा नसतो. कोणाच्या निवृत्तिवेतनातून, कोणाच्या भिशीतून, मुलाने परदेशातून पाठविलेल्या रकमेतून तो जमलेला असतो, आणि बेसावधपणे तो गळू देणे हा त्या कष्टांचा अनादर आहे.

मात्र हीच दक्षता एका ठिकाणी दोष होते, आणि त्याकडे आपण मराठी मंडळी पुरेसे पाहत नाही असे मला वाटते. भारतीय प्रवासी झ्युरिकमध्ये गरीब असतो आणि हनोईत सधन असतो. तोच मनुष्य, तेच वेतन. झ्युरिकमध्ये कॉफीच्या किमतीचा रुपयांत गुणाकार करून त्याचा घोट कडू होतो, आणि हनोईत एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात म्हणून नव्हे, तर तेथील मजुरी कमी आहे म्हणून त्याला वस्तू स्वस्त पडते. त्या स्वस्ताईत त्याचे कर्तृत्व काही नाही. विनिमयाने आयते पदरात टाकलेले हे सामर्थ्य घेऊन तो फुटपाथवरच्या फळवालीशी शेवटच्या काही हजार डोंगांसाठी हट्टाने घासाघीस करतो, आणि त्याच संध्याकाळी यंत्रावर ‘रुपये’ हे बटण दाबून तिच्या दिवसभराच्या विक्रीएवढी रक्कम एका अदृश्य पेढीला देऊन येतो. जिच्याशी तो झगडला तिने आपला भाव तोंडाने सांगितला होता. तो रास्त वाटला तर देऊन टाकावा, बाजाराची रीत घासाघिशीची असेल तर ती रीतीपुरती करावी, आणि बचत करावयाची ती हॉटेलच्या काउंटरवर नोटा बदलण्याचे टाळून करावी.