भाड्याची वसुली

दुसऱ्याने आपल्यासाठी घेतलेले सुख कसे भोगावे, हा प्रश्न आमच्या घरात २०१९ साली एका विमानप्रवासाने उभा केला. मुलाने आम्हा उभयतांची दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अशी तिकिटे काढली होती. त्याच्या साठलेल्या पॉइंटांत एकच आसन बिझनेस क्लासचे होऊ शकत होते. सौभाग्यवतीचे गुडघे दुखरे, प्रवास सुमारे सोळा तासांचा. तेव्हा पुढचे आसन तिचे आणि मागचे माझे, हे ठरण्यास वेळ लागला नाही. निघण्यापूर्वी हा त्याग मी दोन-तीन नातेवाइकांच्या कानी घातला, हेही नमूद केले पाहिजे.

बिझनेस क्लास हा प्रकार फार जुना नव्हे. १९७०च्या दशकात सवलतीच्या भाड्याने जाणारे वाढले, शेजारी बसून पूर्ण भाडे भरणारे कुरकुरू लागले, तेव्हा विमान कंपन्यांनी हा मधला वर्ग निर्माण केला. त्यात खुर्चीची संपूर्ण सपाट शय्या २००० साली ब्रिटिश एअरवेजने आणली. म्हणजे तेथे विकली जाते ती मुख्यत्वे जागा आणि झोप. भोजन, पेये, चिनी मातीच्या बशा हा सारा परिवार. तिचे मोलही केवळ रुपयांत नाही. जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासाने, अधिक जागा व्यापणाऱ्या या प्रवाशाच्या वाट्याचे प्रदूषण साध्या वर्गाच्या सुमारे तिप्पट धरले आहे.

‘वसुली’ हा शब्द मला परिचित. महसूल खात्यातच माझी हयात गेली. पुष्कळ प्रवासी भाडे वसूल करण्याच्या भरात प्रत्येक पदार्थ खातात, प्रत्येक पेय घेतात, चित्रपट पाहत जागतात. विमानातील हवा कोरडी, तिचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरील डोंगरी हवेइतका. तेथे मद्य आणि जड जेवण अधिकच बाधते. भाडे वसूल होते, झोप बुडते. हा लोभ सहज दिसतो. दुसरी चूक मला उशिरा दिसली.

मध्यरात्री हवाई सुंदरीने पडद्यापलीकडून येऊन माझ्या हाती कागदी रुमालाची पुरचुंडी दिली. आत दोन चॉकलेटे आणि थोडे बदाम. उतरल्यावर कळले, सौभाग्यवतीने शय्या उघडलीच नव्हती. “तुम्ही तिकडे अवघडून बसलेले, आणि मी इथे लोळू?” गुडघे सुजले ते वेगळेच.

नोकरीत दौऱ्यावर मी पहिल्या वर्गाने जाई, शिपाई दुसऱ्या वर्गाने. त्याच्या विचाराने माझी झोप कधी उडाली नाही. त्या मानाने तिचे मन थोरच. पण पॉइंट खर्ची पडले, जागा अडली, इंधन जळले, आणि ज्यासाठी हे सारे ती झोप कोणालाच मिळाली नाही. तिने न भोगलेले सुख माझ्याकडे आले ते चॉकलेटांपुरते. नाकारायचे तर तिकीट काढतानाच नाकारावे. घेऊन मग न घेतल्यासारखे करण्यात देणाऱ्याचाही अवमान होतो. आणि माझा त्याग मी इतका बोलून दाखवला नसता, तर तिला तो रात्रभर टोचला असता का?

परतीच्या वेळीही आसन एकच होते. विमानतळावर मी तिला म्हटले, “मला मागे उभे राहून पाय मोकळे करता येतात. तू हलके जेव आणि दिवे मंदावले की झोप.” त्या रात्री हवाई सुंदरी तीनदा माझ्या बाजूने गेली. तिच्या हाती माझ्यासाठी काहीच नव्हते.