पात्राचा सातबारा

अमरावती जिल्ह्यात धामणगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. म्हणून एकाला ‘धामणगाव रेल्वे’ म्हणायचे, तर दुसऱ्याला ‘धामणगाव गढी’. नुसते ‘धामणगाव’ म्हटले, की ज्याच्या मनात जे गाव वसले असेल तेच त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. एकाला नागपूरकडे धडधडत निघालेली गाडी दिसते, जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग दिसतात. दुसऱ्याला यांतले काहीच दिसत नाही. शब्द एकच, चित्रे मात्र दोन. आणि दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही.

कादंबरीतल्या पात्रांचेही असेच आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, ती कोकणातली आई. परंतु ज्या वऱ्हाडी मुलाने कोकण कधी पाहिले नाही, समुद्र कसा असतो हे ज्याला ठाऊक नाही, तो ती आई कोठून आणणार? तो तिला आपल्याच घरात आणून बसवतो. तिच्या अंगावर आजीचे लुगडे येते, तिच्या हाताला मावशीच्या हाताचा खरखरीतपणा येतो, आणि अंगणात नारळीऐवजी कडुनिंब उभा राहतो. लेखक चार ओळी देतो. उरलेले माणूस वाचक आपल्या पदरचे घालून पुरे करतो. वाचनालयातली एकच प्रत पन्नास हातांतून फिरते, तेव्हा श्यामच्या आयाही पन्नास होतात.

आणि मग एके दिवशी बोलपट येतो. पन्नास जणींना बाजूला सारून पडद्यावर एकच आई उभी राहते. तिला नाक असते, डोळे असतात, ठरावीक आवाज असतो. घरातली एखादी म्हातारी पटकन म्हणून जाते, “हे काई आपली श्यामची माय नोहे बाई!” आपण हसतो. पण तिचे दुःख हसण्यासारखे नसते. तिच्या मनात इतकी वर्षे जी वावरली, तिला कोणीतरी न विचारता घराबाहेर काढले आहे.

अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’चे घ्यावे. मराठी तरुणांच्या दोन पिढ्यांनी ही कादंबरी वाचली नाही, तर जवळजवळ जगली. 2013 साली संजय जाधव यांनी तिचा चित्रपट केला. स्वप्नील जोशी, अंकुश चौधरी, सई ताम्हणकर ही मंडळी त्यात होती. चित्रपटगृहे भरून वाहिली. परंतु कादंबरीच्या भक्तांपैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली. पस्तिशीतले नट कॉलेजच्या कट्ट्यावर कसे शोभतील, आमचा श्रेयस असा नव्हता, आमची शिरीन अशी नव्हती, अशा तक्रारी घराघरांत झाल्या. या ‘आमच्या’ शब्दातच सगळा प्रश्न दडला आहे. श्रेयस नेमका कोणाचा? पात्राचा सातबारा असावा तरी कोणाच्या नावावर?

शेतजमिनीचे बरे असते. तलाठ्याकडे गेले की उत्तर मिळते. पात्राच्या बाबतीत लेखक म्हणेल, मी त्याला जन्म दिला. दिग्दर्शक म्हणेल, मी रीतसर हक्क विकत घेतले. वाचक म्हणेल, मी त्याला इतकी वर्षे जेवू घातले. तिघांचेही म्हणणे खरे आहे. तरी वाचकाचा हक्क एका बाबतीत निराळा पडतो. लेखकाचा आणि दिग्दर्शकाचा हक्क दुसऱ्याला काही देण्याचा आहे. वाचकाचा हक्क आपल्यापाशी राखण्याचा आहे. त्याच्या मनातला श्रेयस त्याच्याकडून कोणीही हिरावू शकत नाही. परंतु तोच श्रेयस इतरांनीही पाहावा, असा आग्रह मात्र त्याला धरता येत नाही. मनातल्या चित्रावर आपली मालकी आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांवर नाही.

शिवाय आपले डोळे किती लवकर फिरतात, हेही पाहण्यासारखे आहे. आचार्य अत्र्यांनी 1953 साली ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली, तेव्हा आईच्या भूमिकेसाठी त्यांनी वनमालाबाईंना घेतले. ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यात वाढलेली, ‘सिकंदर’सारख्या बोलपटात झळकलेली ही देखणी नटी. कोकणातल्या दरिद्री घराशी तिचा संबंध काय? पण चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि पुढे कित्येकांच्या मनात श्यामच्या आईला वनमालाबाईंचाच चेहरा कायमचा चिकटला. 2023 साली सुजय डहाके यांनी हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा नव्या आईची तुलना पुस्तकातल्या आईशी होण्याआधी वनमालाबाईंशी होणे साहजिकच होते. कालची आगंतुक आज घरची मालकीण झाली! म्हणजे आपला राग पुष्कळदा चुकीच्या माणसावर नसतो. तो केवळ नंतर आलेल्यावर असतो.

तर मग वाचकाने गप्प बसावे काय? मुळीच नाही. परंतु आक्षेपा-आक्षेपांत फरक करावा. ‘माझ्या मनातल्यासारखा दिसत नाही’ हा आक्षेप उंबरठ्याच्या आत ठेवण्याचा आहे. ‘पात्राचा स्वभावच बिघडवला’ हा आक्षेप चव्हाट्यावर मांडण्याचा आहे. कारण तो कलेच्या खरेपणाविषयी आहे, आणि तो पुरावा देऊन मांडता येतो. तिसरा आक्षेप मात्र नुसता अन्याय असतो: ‘हा नट असली कामे करणारा, याला हे काम कसे शोभेल?’ निळू फुल्यांनी पाटील-पुढाऱ्यांच्या खलभूमिका इतक्या चोख केल्या, की खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्या त्यांच्या नावाने बोटे मोडीत. त्याच निळूभाऊंना जब्बार पटेलांनी 1979 साली ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार केले. आज त्या दिगूच्या जागी दुसरा कोणी कल्पनेतही येत नाही. भूमिकेवरून माणूस जोखण्याचे हे पाप किती जुने आहे, ते आनंद यादवांच्या ‘नटरंग’ने दाखवलेच आहे. गुणा नाच्याचे सोंग घेतो, आणि लोक सोंगालाच माणूस समजतात. त्या कादंबरीवर डोळे पुसणारा वाचकच एखाद्या नटाला त्याच्या जुन्या सोंगावरून नाकारू लागला, तर त्याने कादंबरीत काय वाचले?

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीवर 1939 साली चित्रपट निघाला. स्कार्लेटच्या भूमिकेसाठी व्हिव्हियन ली या इंग्रज नटीची निवड झाल्यावर अमेरिकेच्या दक्षिणेतील काही वाचक संतापले. आमची स्कार्लेट परकी बाई कशी करणार? त्याच चित्रपटात हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णी नटीने दासीची भूमिका केली होती. अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ मोठ्या थाटाने झाला. पण वर्णभेदाच्या कायद्यांमुळे मॅकडॅनियलबाईंना तेथे जाता आले नाही. पुढे 1940 मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णी व्यक्ती ठरली. स्कार्लेटच्या जन्मगावाची चिंता वाहणाऱ्यांच्या मनाला ही रिकामी खुर्ची किती टोचली असेल?

आपणही आपल्या घरात डोकावून पाहावे. गो. नी. दांडेकरांचा जन्म आपल्या परतवाड्याचा; ‘सिंहासन’कार अरुण साधूही परतवाड्याचेच. एकाच वऱ्हाडी गावाने दिलेल्या या दोघांच्या कादंबऱ्यांचे चित्रपट जब्बार पटेलांनी केले. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’वर 1977 साली निघालेल्या चित्रपटात मोहन आगाशे नाग्या झाले, स्मिता पाटील चिंधी झाल्या. दोघांचीही कामे आपण डोक्यावर घेतली, आणि ते योग्यच झाले. परंतु नाग्या हा सह्याद्रीतला ठाकर. ‘हा आमचा नाग्या आहे का?’ असे विचारण्याचा खरा अधिकार कोणाचा असेल, तर तो ठाकरवाडीचा. तिच्यातल्या कितीजणांनी ती कादंबरी वाचली असेल? कितीजणांना कोणी विचारले असेल? आपला नाग्या पुस्तकातून आलेला. त्यांचा शेजारच्या झोपडीत राहतो. पुस्तक विकत घेऊ शकणाऱ्याचा आवाज मोठा असतो, आणि ज्याच्यावर पुस्तक लिहिले गेले तो बहुधा मुका राहतो. नटाने भूमिका परकाया प्रवेशाने करावी हे मान्य. तोच त्याचा धर्म आहे. परंतु त्या कायेचा खरा धनी दारात उभा असेल, तर त्याला आत बोलवावे, हाही धर्मच.

तात्पर्य इतकेच, की आवडत्या पात्रावरचे प्रेम ही चांगली गोष्ट आहे. ज्या समाजात श्रेयसवरून भांडणे होतात, तो समाज अजून वाचतो आहे. पण प्रेमाची परीक्षा मालकी सांगण्यात होत नाही. या दिवाळीत फराळाच्या ताटांभोवती आजी, आई आणि नात अशा तिघी बसल्या, तर तिघींना एकेक श्यामची आई विचारून पाहावी. एक कोकणातली नसेल, एक वनमालाबाईंसारखी नसेल, एक तिसरीच असेल. त्यांत खरी कोणती, हे ठरवण्याच्या भरीस पडू नये. एवढे मात्र पाहावे, की तिघीही श्यामला तेच शिकवतात: आपल्याजवळचे दुसऱ्याला देताना हात आखडू नये. मनातले चित्रसुद्धा.