आधी मोज, मग काप

तुझी गाडी तापते म्हणून मी तुला बोलत नाही. हवेने थंड होणाऱ्या गाडीत पाण्याने थंड होणारं मोठं इंजिन बसवलं की ती सुरुवातीला तापतेच. मी बोलतो आहे ते तू त्यानंतर काय केलंस त्याबद्दल. तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात नव्या रेडिएटरची किंमत आहे, पंख्याची जाहिरात आहे, होज पाइपचं कौतुक आहे. तापमान मात्र एकही नाही. ‘काटा लाल पट्ट्याला टेकतो’ हे मोजमाप झालं का? थर्मोडायनॅमिक्स माझ्या वर्गात बसून शिकलास, अमेरिकेत इंजिनिअर म्हणून पगार घेतोस, आणि स्वतःच्या गाडीसमोर उभं राहिल्यावर थर्मामीटर हातात घ्यायचं तुला सुचत नाही. मला राग आला आहे, आणि तो गिळून गोड बोलणं मला जमणार नाही.

आधी तू काय काढून टाकलंस ते समजून घे. तुझी पोर्शे ९१४ ही १९६९ ते १९७६ या काळातली गाडी. फोक्सवॅगन आणि पोर्शे यांनी मिळून काढलेली, वजनाला जेमतेम नऊशे-साडेनऊशे किलो. सीटांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे चार सिलिंडरचं आडवं इंजिन. सुरुवातीचं १.७ लिटरचं होतं आणि ताकद ८० अश्वशक्ती. त्याला रेडिएटर नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. क्रँकवर बसवलेला मोठा पंखा सिलिंडरांच्या पातळ पंखांवर हवा फेकायचा, उरलेली उष्णता तेल वाहून न्यायचं. ते इंजिन उतरवलंस तेव्हा गाडीची सगळी शीतकरण व्यवस्था त्याच्याबरोबर गेली. तिच्या जागी तू शेव्हरलेचं ५.७ लिटरचं, ओतीव लोखंडी ब्लॉकचं व्ही-८ ठेवलंस. त्या इंजिनाचा रेडिएटर नेहमी त्याच्या नाकासमोर हातभर अंतरावर असतो. तुझ्या गाडीत तो दुसऱ्या टोकाला, पुढच्या डिकीत आहे. मधला सगळा मार्ग, म्हणजे पाण्याचा आणि हवेचाही, तुला नव्याने रचायचा होता. तू फक्त वस्तू आणून जोडल्यास.

‘पोर्शेनेच या गाडीत आठ सिलिंडर बसवले होते’ असं तू मोठ्या ऐटीत लिहितोस. बसवले होते, खरं आहे. ९०८ या शर्यतीच्या गाडीचं तीन लिटरचं इंजिन घालून त्यांनी दोन ९१४ बांधल्या. एक पोर्शेचे इंजिनिअर फर्डिनांड पीएख यांच्यासाठी, दुसरी कंपनीचे प्रमुख फेरी पोर्शे यांच्या साठाव्या वाढदिवसासाठी. पण ते इंजिनही हवेनेच थंड होणारं होतं. सिलिंडर वाढवले तरी त्यांनी गाडीत पाणी आणलं नाही. दाखला देण्याआधी तो आपल्या प्रश्नाला लागू पडतो का, एवढं तरी बघायचं.

आता गणित. हे तू कागदावर करायला हवं होतंस, पत्रा कापण्याआधी. पेट्रोल इंजिनात इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून जातो आणि उरलेला कूलंटमधून बाहेर काढावा लागतो. मोठ्या चढावर तुझ्या कूलंटमध्ये ६० किलोवॅट उष्णता येते असं धर. पंप सेकंदाला दोन लिटर कूलंट फिरवत असेल, तर रेडिएटरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना तापमानात साधारण ८ अंशांचा फरक दिसला पाहिजे. हीच उष्णता हवेने न्यायची. हवा ४० अंशांनी तापू दिली, तर सेकंदाला दीड किलो, म्हणजे सुमारे १.३ घनमीटर हवा लागेल. तुझ्या रेडिएटरची जाळी ६० बाय ४० सेंटिमीटरची आहे, असं तूच लिहिलंस. म्हणजे तिच्यातून हवा सेकंदाला साडेपाच मीटर वेगाने गेली तरी पुरे. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर येणाऱ्या हवेच्या वेगाचा चौथा हिस्सा जाळीतून पार झाला, तरी काम भागतं. या आकड्यांसाठी वहीचं एक पान पुरतं, आणि त्या पानावरच दिसतं की तुझ्या जाळीचा आकार हा तुझा पहिला प्रश्न नव्हता. तरीही तू दुसरा रेडिएटर मागवलास.

तुझ्या पत्रात निदानाला सगळ्यात उपयोगी असं एक वाक्य आहे आणि तेच तू ओलांडून पुढे गेलास. सिग्नलला उभी असताना गाडी ठीक असते, हायवेवर काटा चढत जातो, वेग कमी केला की उतरतो. विचार कर. उभ्या गाडीत पंखा एकटा काम करतो आणि ते तो नीट करतोय. हायवेवर पंख्याचं महत्त्व जवळजवळ संपतं. मग पंखा बदलण्याचं कारण काय? पंख्याचा दोष असता, तर गाडी गर्दीत तापली असती आणि मोकळ्या रस्त्यावर थंड झाली असती. तुझी लक्षणं बरोबर उलटी आहेत.

आता रेडिएटरच्या दोन्ही तोंडांवर तापमान मोज, आणि गाडी तापत असतानाच मोज. आत-बाहेरचा फरक २० अंशांसारखा मोठा निघाला, तर रेडिएटर आपलं काम करतोय आणि पाणी कमी फिरतंय. मग पंप बघ. पंपाकडे परत येणारा लांब होज मोठ्या आरपीएमला ओढीने आत चपटा होतो का ते बघ, त्यात स्प्रिंग आहे का ते बघ. फरक अगदी थोडा आणि दोन्ही टोकं गरम असतील, तर पाणी भरपूर फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही. अशा वेळी जाळीमागच्या हवेचं तापमान घे. ती जवळजवळ कूलंटइतकीच गरम असेल, तर हवा अपुरी आहे. ती कोमट असून कूलंट मात्र उकळायला आलं असेल, तर हवा जाळीतून न जाता कडेने निसटते आहे किंवा जाळीच निकामी आहे. शिवाय इग्निशन टायमिंग मागे असेल किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल, तर इंजिनच जास्त उष्णता निर्माण करतं. तेही याच बैठकीत तपास. इतकी साधी परीक्षा करून बघायच्या आधी तू पैसे मोजलेस.

माझा अंदाज सांगतो, पण तो मोजून तपासल्याशिवाय खरा मानू नकोस. तुझ्या डिकीत हवेला आत यायला तोंड आहे, बाहेर जायला वाट नाही. वाड्यातल्या खोलीची पुढची खिडकी कितीही मोठी केली आणि मागची बंद ठेवली, तर वारा खेळत नाही. तुझ्या फोटोत बंपरमधलं भोक दिसतं, जाळी दिसते, आणि तिच्यामागे बंद पेटी. वेग वाढला की त्या पेटीत दाब वाढतो आणि जाळीच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होऊ लागतो. मग हवा आत शिरेल कशी? समोरचं भोक तू आणखी मोठं केलंस, त्याने काहीही साधलं नाही. उलट तोच दाब गाडीचं नाक वर उचलतो आणि पुढच्या चाकांची पकड कमी करतो. हवा बाहेर काढायला सोप्या जागा दोन: दोन्ही बाजूंच्या चाकांच्या कमानींत, किंवा जाळीमागच्या फरशीतून खाली. खाली सोडलीस तर भोकाच्या पुढे एक छोटी पट्टी लाव, म्हणजे तिच्यामागे दाब कमी होऊन हवा ओढली जाईल. बंपरपासून जाळीपर्यंत चारही बाजू पत्र्याने आणि रबराने बंद कर. नाहीतर गरम झालेली हवा कडेने फिरून पुन्हा जाळीसमोर येते. आणि या गाडीची पेट्रोलची टाकी त्याच डिकीच्या मागच्या भागात आहे, हे विसरू नकोस. जाळीमागची तापलेली हवा आज थेट तिच्यावर जाते आहे. हे वाचल्यावर तरी मोजमाप आजच हाती घे.

पाण्याच्या वाटेतही तू आळस केला आहेस. कधीकधी काटा एकदम चढतो आणि एकदम पडतो, असंही लिहिलंस. हे बहुतेक वेळा आत अडकलेल्या हवेचं किंवा वाफेचं लक्षण असतं. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधले होज फरशीखालून. हवा उंच जागा शोधते आणि तिथे बसते. इंजिनाच्या माथ्यावरून आणि रेडिएटरच्या वरच्या टोकावरून बारीक नळ्या निघून, सगळ्यात उंच असलेल्या टाकीत गेल्या पाहिजेत. त्या टाकीचा तळ पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडला पाहिजे, आणि दाबाची कॅप त्या टाकीवर हवी. भरताना गाडीचं नाक उचलून रेडिएटरच्या माथ्यातली हवा सोड. सेन्सर वाफेच्या फुग्यात असेल तर तो खोटं सांगतो, त्याची जागाही तपास. एवढं करूनही फुगे येत राहिले, तर हेड गॅस्केट फुटून ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे का, याची चाचणी कर.

थर्मोस्टॅट काढून टाकलास, तो परत बसव. नंतर पाणी ‘हळू फिरावं’ म्हणून तिथे तू चकती घातलीस, तीही काढ. पाणी रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबलं तर इंजिनातही जास्त वेळ थांबतं, हे तुला कळायला हवं होतं. प्रवाह मंदावला की दर सेकंदाला निघणारी उष्णता कमी होते. थर्मोस्टॅट इंजिनाला लवकर कामाच्या तापमानावर आणतो. त्याच्या अडथळ्यामुळे ब्लॉकमध्ये थोडा दाब राहतो, आणि हेडमधल्या तापलेल्या जागी पाणी उकळण्याचा धोका कमी होतो. तो पूर्ण उघडलेला असताना गाडी तापत असेल, तर दोष दुसरीकडे आहे.

आणि ती कॅप. गरम इंजिनाची कॅप फडकं धरून उघडली, असं तू सहज लिहून गेलास. त्या ओळीपाशी मी वाचायचं थांबलो. एक बारच्या कॅपखाली पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅप फिरवलीस की दाब जातो आणि त्याच क्षणी ते पाणी उकळून वाफेसकट तोंडावर, हातांवर, डोळ्यांवर येतं. फडक्याने काही वाचत नाही. हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. वाफेच्या तक्त्यांवर तुझा हात बसलेला होता. माहीत असून तू केलंस, म्हणून मी एवढा चिडलो आहे. इंजिन गार होईपर्यंत त्या कॅपला हात लावायचा नाही. याला अपवाद नाही.

‘हे तर कंपन्यांनाही जमलं नाही’ असं म्हणून सुटका करून घेऊ नकोस. ब्रिटनच्या रूट्स कंपनीने १९६४मध्ये सनबीम अल्पाइनच्या छोट्या अंगात फोर्डचं व्ही-८ घालून टायगर काढली. इंजिन इतकं कोंबलं होतं की एक स्पार्क प्लग बदलायला आतल्या भिंतीतल्या भोकातून हात घालावा लागे. ती गाडी तापण्यासाठी बदनाम झाली. त्यातून घ्यायचा धडा सरळ आहे: इंजिन बसलं म्हणून काम झालं असं नसतं, त्याच्याभोवती हवेला वाट लागते. त्यांच्या चुकीचा आधार घेऊन तू आपली चूक झाकतोस, हे मला आवडलं नाही.

शीतकरणाबाहेरच्याही काही गोष्टी आहेत. ब्रेक ८० अश्वशक्तीच्या गाडीचेच ठेवले आहेस. तेही बदल. बॅटरीखालचा पत्रा या गाड्यांत गंजतो आणि तो गंज मागच्या सस्पेन्शनच्या आधारापर्यंत जातो. तिथे खरवडून बघ. पुढची फरशी कापशील तिथे कडा दुमडून मजबूत कर, कारण या गाडीला वेगळी चौकट नाही, पत्राच भार घेतो.

तुला कसब आहे. वेल्डिंग तुझं स्वच्छ आहे, फोटोत दिसतं. म्हणूनच हे सगळं लिहिलं. ज्याच्या हातात काही नाही त्याच्यावर मी एवढी शाई घालवली नसती. पण हाताच्या भरवशावर डोकं बंद ठेवणारा माणूस मला इंजिनिअर वाटत नाही. शेजारच्या सीटवर उद्या तुझी बायको बसेल, मूल बसेल. त्यांना तुझ्या अंदाजावर बसवू नकोस.

पुढच्या पत्रात मला एवढंच हवं आहे: बाहेरच्या हवेचं तापमान, रेडिएटरच्या दोन्ही तोंडांची तापमानं, जाळीमागच्या हवेचं तापमान, उभ्या गाडीत आणि ताशी ८०ला, दोन्ही वेळा. आकडे वाचायला कुणालातरी शेजारी बसव, चालवताना तू वाचू नकोस. ते हाती येईपर्यंत शीतकरणासाठी नवी वस्तू विकत घ्यायची नाही आणि पत्र्याला कटर लावायचा नाही. आकडे पाठव, मी त्याच दिवशी बसून तुझ्याबरोबर गणित करीन.