चिमूटभर जाग

मासे पाळण्याचा छंद जडलेल्या माणसाच्या घरी बहुधा घट्ट झाकणाचा एक लहानसा डबा असतो. त्यातली तपकिरी, वाळूहूनही बारीक पूड म्हणजे आर्टेमियाची अंडी. खाऱ्या सरोवरांत आणि मिठागरांत राहणारा, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला हा जीव. अमेरिकेतील यूटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून त्याची अंडी जगभर जातात. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही तो आढळल्याची नोंद आहे. अंडी म्हणण्याचा प्रघात असला तरी प्रत्येक कणात वाढ मध्येच थांबलेला एक गर्भ असतो. एका ग्रॅममध्ये असे दोन लाखांहून अधिक गर्भ मावतात, आणि कोरडे राहिले तर ते वर्षानुवर्षे तसेच राहतात.

माझ्याकडच्या एंजल माशांच्या जोडीने पहिल्यांदा पानावर अंडी घातली, तेव्हा तो डबा माझ्या घरात आला. नर आणि मादी आळीपाळीने पंखांनी अंड्यांना वारा घालीत, बुरशी धरलेली अंडी तोंडाने वेचून टाकीत. आठवड्याभरात पिले पोहू लागली. पण कोरड्या खाद्याकडे ती ढुंकूनही पाहीनात. त्यांना हालणारे, जिवंत अन्न हवे होते. मग मी प्लास्टिकच्या बाटलीचे बूड कापून ती उलटी टांगली, त्यात लिटरभर पाणी आणि मूठभर खडेमीठ घातले, पंपाची नळी सोडली, चिमूटभर पूड टाकून वर दिवा लावला. दुसऱ्या दिवशी पाण्यात नारिंगी धुके हलत होते. हवा बंद केली की रिकामी टरफले वर तरंगतात. तळाशी उजेड धरला की ते सारे जीव त्याकडे धाव घेतात, आणि तेथूनच त्यांना नळीने ओढून घ्यायचे असते. फडक्यात गाळून, गोड्या पाण्याने धुऊन मी ते पिलांच्या टाकीत सोडले. थोड्याच वेळात पिलांची पारदर्शक पोटे नारिंगी झाली. मला अतोनात आनंद झाला, हे येथे कबूल केले पाहिजे.

प्रश्न नंतर आला. डब्यातली ती पूड जिवंत होती काय? डेव्हिड कीलिन या शास्त्रज्ञाने १९५९ साली अशा अवस्थेला ‘गुप्त जीवन’ या अर्थाचे नाव दिले. ज्यात श्वास नाही, पचन नाही, झीजही नाही, त्याला मृत म्हणावे तर ते उद्या पोहू लागते. आपल्या परंपरेने जीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज असे वर्ग केले; पण त्या चारांतला कोणताही शब्द या थांबण्याला पुरा पडत नाही. पूड मृत असेल तर जीवन देणारा मी ठरतो. जिवंत असेल तर मी केवळ एका दीर्घ प्रतीक्षेचा भंग करतो. दोन्ही भूमिका माझ्या आवाक्याबाहेरच्या आहेत.

जीव जीवावरच जगतो, हे उत्तर आपल्याकडे तयार असते. ते खोटे नाही. परंतु ते निसर्गाचे वर्णन आहे, माझ्या कृतीचे समर्थन नव्हे. धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरी पाच वधस्थाने सांगितली: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. तेथे मरणारा जीव कामाच्या ओघात, नकळत मरतो, आणि त्या नकळत घडलेल्याचीही फेड सांगितलेली आहे. माझ्या बाटलीत नकळत काहीच घडत नाही. मी मारण्यासाठीच जागवतो. शिवाय शंभर पिलांसाठी माझा जीव तुटतो आणि हजारो आर्टेमियांसाठी तुटत नाही, याचे कारण तरी काय? पिलांना वारा घालणारे आईबाप मी पाहिले होते. आर्टेमियाची आई मी कधी पाहिलीच नव्हती, तो डब्यातून आला होता. आपल्या करुणेला ओळख लागते, हे मला लज्जास्पद वाटते, पण ते तसे आहे.

दुसऱ्या खेपेला रात्री वीज गेली. पंप थांबला, आणि सकाळी पिलांची टाकी निश्चल होती. बाटलीतले जीव मात्र जागे झाले होते. ज्यांच्यासाठी त्यांना उठवले, ते खाणारेच उरले नव्हते. त्यांना मोरीत ओतणे सोपे होते. पिलांना चारताना जो हात अडखळला नव्हता, तो तेथे अडखळला. मी त्यांना रुंद काचपात्रात ओतले आणि चिमूट-चिमूट यीस्ट घालू लागलो. बहुतेक मेले. काही वाढले, उताणे पोहू लागले. पोट उजेडाकडे करून पोहणे हीच त्यांची रीत. हे मी प्रायश्चित्त म्हणून केले असे म्हणवत नाही, कारण मेलेल्या पिलांचा शोक मला अशा रीतीने चुकवता आला, हेही खरे होते. तेव्हापासून मात्र पूड घालण्यापूर्वी मी पिले मोजतो, आणि चिमूट चिमटीहून लहान करतो. माझ्या मते या प्रश्नाला दिलेले हे उत्तर नव्हे. पण मोजून जागवणे आणि सहज जागवणे यांत अंतर आहे, असे मला वाटते.

उन्हाळ्यात काचपात्रातले पाणी आटत गेले, मीठ वाढत गेले. अनुकूल पाण्यात ही मादी जिवंत पिले सोडते. पाणी प्रतिकूल झाले की कवचात बंद केलेले गर्भ. काचेवर पाण्याच्या रेषेशी एक तपकिरी कडा उमटली. ती मी कागदावर खरवडून घेतली, वाळवली, पुडी बांधली. एंजलची जोडी पुन्हा पान साफ करू लागली आहे, आणि या खेपेस डबा उघडावा की पुडी, हे अजून मी ठरवलेले नाही.