दिसत नाहीं, म्हणून नाहीं?

खारघरच्या एखाद्या सदनिकेंत दूरचित्रवाणीचा आवाज स्पष्ट यावा आणि पडदा मात्र काळाठिक्कर राहावा, कीं घरांतील मंडळी तत्काळ निकाल देतात : "चित्र गेलें!" हा निकाल तर्कास धरून आहे काय, हें आम्हांस तपासावयाचें आहे.

मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, त्या काळच्या संचाचा पडदा स्वतःच उजळे. आजच्या एलसीडी पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. मागील एलईडी दिव्यांचा उजेड तो कोठें अडवितो, कोठें सोडितो. हे दिवे बहुधा एकामागून एक ओळीनें जोडलेले असल्यामुळें एक तुटला कीं सारी ओळ विझते. अशा वेळीं खोलींत अंधार करून पडद्यावर विजेरी तिरपी धरावी. पुसट आकृति हालतांना दिसल्या, तर चित्र शाबूत आहे, उजेड तेवढा गेला आहे. न दिसल्या, तर दोष अन्यत्र शोधावा.

भाट्ट मीमांसकांनीं 'अनुपलब्धि' हें स्वतंत्र प्रमाण मानिलें, पण एका अटीवर : वस्तु असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिति हवी. अंधारांत घागर दिसली नाहीं, एवढ्यानें ती नाहीं असें ठरत नाहीं.

माणसांच्या बाबतींत ही अट सर्रास मोडली जाते. पक्षाघातानें वाचा गेलेल्या वडिलांसमोर घरचे लोक असे बोलतात, जणूं ते तेथें नाहींतच. वस्तुतः वाचा गेली तरी समज शिल्लक असूं शकते. संचाविषयींचा चुकीचा निकाल पैशांत भागतो; येथें भरपाई नाहीं. म्हणून 'नाहीं' म्हणण्यापूर्वीं आपण उजेड धरून पाहिला काय, एवढें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें, असें आम्हांस वाटतें.